अहो, तो टॉर्च बंद करा!

तारे बघायला किनाऱ्याकिनाऱ्याने गाडी हाणत जायचं, अमावस्येच्या आसपासची तारीख मुद्दाम साधायची, दिव्यांपासून लांबची पुळण शोधायची, आणि जरा कुठे आकाश उलगडतंय तोच कुणीतरी मोबाईलचा टॉर्च थेट तोंडावर मारतं. दर वेळी! का? तर म्हणे, "चप्पल शोधतोय."

डोळे अंधाराला सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात. दृष्टिपटलावरच्या दंडपेशींमधलं, म्हणजे मंद उजेडात बघणाऱ्या पेशींमधलं, ऱ्होडॉप्सिन हे उजेड टिपणारं रंगद्रव्य हळूहळू भरून येतं, तेव्हा कुठे वृश्चिकाच्या शेपटीपाशी आकाशगंगेचा तो धुरकट, मधेमधे काळ्या भेगा पडलेला पट्टा दिसू लागतो. एका झगझगीत झोताने सगळं पाण्यात. पुन्हा पहिल्यापासून. देवयानी दीर्घिकेचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच दुसऱ्या तारकासमूहाचा, उजेड 25 लाख वर्षं प्रवास करून इथवर येतो, आणि ह्यांना चप्पल हवीय!

टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावा ना. मंद लाल उजेडाने दंडपेशींचं फारसं बिघडत नाही. पण ऐकतंय कोण?

गाडीवाल्यांची तर जातच वेगळी. समुद्राकडे तोंड करून गाडी लावायची, हेडलाइट चालू, दारं उघडी, गाणी ठणठणत, आणि वर आपल्यालाच विचारायचं, "दिसतंय का काही?" दिसतंय, कपाळ!

त्यात फ्लॅश मारून ताऱ्यांचे फोटो काढणारे महाभाग. मोबाईलचा फ्लॅश चार पावलांवर संपतो, राव. वृश्चिकातला ज्येष्ठा तारा साडेपाचशे प्रकाशवर्षांवर आहे. फोटोत येतो काळा चौकोन, की लगेच तक्रार, "आज तारेच नाहीयेत हो."