आपल्या जवळच्या चित्रपटगृहात

मराठी सिनेमाच्या पोस्टरवर अगदी तळाशी एक ओळ असते, ‘आपल्या जवळच्या चित्रपटगृहात’. या ओळीवर मी गेली पंधरा वर्षं विश्वास ठेवत आलोय आणि गेली पंधरा वर्षं पुण्याच्या सिंहगड रोडवरून पार दुसऱ्या टोकाला वाकडला जात आलोय.

सिनेमाची वाट बघणं आमच्याकडे आईच्या बाजूनं आलंय. लहानपणी अप्पा बळवंत चौकाजवळच्या प्रभात टॉकीजला आई, दोन मावश्या, शेजारच्या काकू आणि त्यांच्यामध्ये चेपलेला मी अशी वरात निघायची. 1934 साली सुरू झालेलं ते थिएटर 2014च्या अखेरीस भाडेकरार संपून मूळ मालकांकडे गेलं आणि त्याचं नाव ‘किबे लक्ष्मी’ झालं. धाकटी मावशी अजून रिक्षावाल्याला ‘प्रभात’ असंच सांगते आणि तोही मुकाट्यानं बरोबर नेऊन सोडतो. तेव्हा वाट बघणं सोपं होतं. शुक्रवारच्या पेपरात जाहिरात दिसायची आणि रविवारी रांगेत उभं राहायचं. तिकिटं मिळाली तर सिनेमा, नाही मिळाली तर भेळ. दोन्हीकडून फायदाच.

आता सिनेमाच्या आधी सहा महिने सिनेमाबद्दलचा सिनेमा चालतो. आधी नावाची घोषणा, मग मोशन पोस्टर (म्हणजे पोस्टरच, फक्त त्यातला धूर हलतो), मग टीझर. या खेपेला तर ‘ट्रेलर उद्या सकाळी 11 वाजता’ एवढंच सांगणारा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ आला आणि तो मी चार वेळा बघितला. चौथ्यांदा बघताना बायको मागे उभी होती.

“अहो, यात आहे काय?”

“वेळ सांगितलीय.”

“एवढ्या वेळा?”

ट्रेलर आला. कोकण, पाऊस, लाल कौलांवरून फिरणारा ड्रोन, आजोबांचं घर विकायला आलेला मुंबईचा नातू. मी अक्षरशः भारावलो. मुलाला दाखवला. त्यानं विचारलं, “बाबा, यात पुढे काय होतं ते सगळंच दाखवलंय ना?” हल्लीच्या मुलांना धीर नाही.

मग तारीख पुढे गेली. चौदा तारखेला दक्षिणेतला एक अवाढव्य सिनेमा पाच भाषांत येणार होता. त्या पाचांत मराठी नव्हती, पण पडदे सगळे त्यालाच लागणार होते. आमचा नातू दोन आठवडे मागे सरकला. मी ऑफिसात टाकलेली रजा मागे घेतली आणि अठ्ठावीसची टाकली. साहेबांनी कारण विचारलं. मी ‘गावाकडच्या घराचं काम’ म्हणालो. तसं खोटंही नव्हतं, घर फक्त आमचं नव्हतं.

रजेशिवाय गत्यंतरच नसतं. 2015 साली सरकारनं मल्टिप्लेक्सना प्राइम टाइमला मराठी सिनेमा दाखवायची सक्ती केली, तेव्हा आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. आधी संध्याकाळी 6 ते 9 असं ऐकलं होतं. मग गदारोळ झाला आणि प्राइम टाइम ताणून दुपारी 12 ते रात्री 9 करण्यात आला. एकदा दुपारचे बारा हा प्राइम टाइम मानला की सगळेच प्रश्न सुटतात. आमच्या सिनेमाचा शो बारा वाजून दहा मिनिटांनी होता. वर ती दहा मिनिटं सरकारला सवलत.

बुधवारी रात्री बुकिंग उघडलं. खुर्च्यांचा नकाशा आला तो सगळा हिरवागार, ट्रेलरमधल्या कोकणासारखा. एकही खुर्ची गेलेली नव्हती. ज्यानं हे भोगलंय त्यालाच कळेल, आपण तिकीट काढायला आलोय की सांत्वनाला हेच समजत नाही. मी अर्ध्या तासानं पुन्हा उघडलं. एच रांगेतल्या सात आणि आठ नंबरच्या खुर्च्या करड्या झाल्या होत्या! कोण असतील? नवरा-बायको? निवृत्त असतील? त्या अनोळखी माणसांबद्दल मला जे प्रेम दाटून आलं तसं सख्ख्या नातलगांबद्दल येत नाही. लगेच मी त्यांच्यामागच्या ‘जे’ रांगेतली सात नंबरची खुर्ची घेतली. एकटीच. बायकोचं म्हणणं ठरलेलं आहे, “महिन्याभरात मोबाइलवर येईल की.” हे वाक्य आमच्या घरात मराठी सिनेमालाच लागू होतं. हिंदी सिनेमाला तिला पहिल्या रविवारी नवीन ड्रेस लागतो.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता मेसेज आला. ‘अपरिहार्य कारणास्तव’ शो रद्द. पैसे पाच ते सात दिवसांत परत, सुविधा शुल्क सोडून. नेमकी कोणती सुविधा झाली हे मी अजून शोधतोय. मग शहरभर शोध घेतला. जवळचं चित्रपटगृह नेहमीप्रमाणे वाकडला निघालं, दुपारी पावणेदोनला.

तास-सव्वा तास स्कूटर हाकून पोचलो. दारात तपासणीत पिशवीतली शेंगदाण्याच्या लाडवांची डबी सापडली. “काका, हे आत नाही चालत.” मी दोन लाडू तिथंच उभ्यानं संपवले, तिसरा त्या पोराला दिला. त्यानं घेतला. आत पॉपकॉर्नचा भाव बघून लाडू अजूनच गोड लागले.

एवढ्या मोठ्या थिएटरात आम्ही नऊ जण होतो. राष्ट्रगीताला नऊ जण ताठ उभे राहिले तेव्हा जिल्ह्यातल्या एखाद्या छोट्या शाळेचा पंधरा ऑगस्ट वाटला. एक म्हातारं जोडपं, कोपऱ्यात पडद्याशी काडीचाही संबंध नसलेली कॉलेजची दोन पोरं-पोरी, आणि माझ्या मागच्या रांगेत तीन बायका व एक कंटाळलेला पुरुष. बिल्डरांच्या जाहिराती संपता संपेनात. मग पुढच्या महिन्यातल्या सिनेमांचे ट्रेलर असे गरजले की आमचा सिनेमा सुरू झाला तेव्हा आवाज बिघडलाय असं वाटलं. बिघडला नव्हता. त्यात फक्त पाऊस पडत होता.

विसाव्या मिनिटाला बाजारातल्या दृश्यात मागून एकदम आवाज आला, “तो बघ, तो बघ! नारळवाल्याच्या मागं!” मराठी सिनेमाला पहिल्या आठवड्यात जी गर्दी होते तिच्यात निम्मी सिनेमातल्यांची नातेवाईक असते, हा माझा अनुभव आहे. मागच्या बाई त्या पोराच्या मावशी होत्या. भाचा पाच वेळा दिसला, दोनदा पाठमोरा. पाचही वेळा टाळ्या पडल्या. मध्यंतरात त्यांनी माझ्या खांद्याला हात लावून विचारलं, “कसं वाटतंय?”

आता काय सांगणार? मला तोवर घड्याळ तीनदा बघून झालं होतं. नायक कोकणातलं घर विकायला गेला की ते घर विकलं जात नाही, हे आता सावंतवाडीच्या एजंटलासुद्धा पाठ असणार. ते ठरायला याला पुढची सत्तर मिनिटं लागणार होती. मी म्हणालो, “वातावरण छान उभं केलंय.”

“हो ना! आणि आमचा?”

“अगदी सहज.”

आणि मग, मध्यंतरानंतर बऱ्याच वेळानं, एक दृश्य आलं. आजी फडताळातून लोणच्याच्या बरण्या काढते. प्रत्येक बरणीवर चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर पेन्सिलीनं एकेका मुलाचं नाव. चार मुलं, चार बरण्या, नेणारं कुणी आलेलं नाही. ती झाकणं उघडते, वास घेते, एकीतला खार दुसरीत ओतते, तिसरीतला तिसऱ्यांदा बघून तसाच ठेवते. चौथ्या बरणीवरची चिकटपट्टी नखानं काढते आणि काचेवर राहिलेला डिंक पदरानं पुसत बसते. संवाद नाही, पार्श्वसंगीत नाही. चार मिनिटं असेल. मागच्या मावशीही गप्प. माझ्या आईच्या फडताळात अशीच एक बरणी होती, त्यामुळे मला चष्मा काढावा लागला. पुढच्याच दृश्यात नायक ड्रोनसकट समुद्रावर गेला आणि गाणं म्हणायला लागला.

बाहेर आल्यावर खरी परीक्षा सुरू होते. ‘कसा होता?’ हिंदी सिनेमा पडेल असला तर माणूस छातीठोकपणे सांगतो, ‘भंकस.’ मराठीच्या बाबतीत जीभ रेटत नाही. आपणच वाईट म्हटलं तर सोमवारपर्यंत उरलेला शोही जाईल, आणि मराठी सिनेमा मारल्याचं पाप आपल्या माथी. म्हणून आमची एक भाषा तयार झालीय. ‘विषय वेगळा आहे’ म्हणजे गोष्ट नाही. ‘प्रयत्न प्रामाणिक आहे’ म्हणजे जमलेला नाही. ‘कॅमेरा सुंदर’ म्हणजे बाकी विचारू नका. ‘थोडा संथ आहे’ म्हटलं तर जाताना उशी न्यावी. घरी बायकोला मी “कॅमेरा सुंदर” एवढंच सांगितलं. तिला ही भाषा समजते. तिनं नुसतं “वाटलंच” म्हणून आमटीला उकळी आणली.

घोटाळा शनिवारी झाला, अर्धा दिवस ऑफिस असतं तेव्हा. अकाउंट्समधले एक ज्येष्ठ सहकारी आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांना ही भाषा येत नाही. वर्षातून दोनदा सिनेमा बघणारा माणूस. त्यांनी डबा उघडता उघडता विचारलं, “काय हो, तो कोकणातला बघितलात म्हणे. जावं का?”

माझ्या डोळ्यांसमोर ती बरणी होती. शिवाय रविवारी दुपारचा एकुलता एक शो होता, तोही हिरवागार, हे मी सकाळीच बघून ठेवलं होतं.

“अण्णा, जाच,” मी म्हणालो. “सहकुटुंब जा.”

त्यांनी माझा शब्द पाळला. रविवारी सकाळी मी सहज नकाशा उघडला तर एफ रांगेत ओळीनं सहा खुर्च्या करड्या. अण्णा, वहिनी, दोन मुली, सोलापूरहून आलेले मेहुणे आणि त्यांची सासूबाई. मनातल्या मनात मी तिकिटांचा, पॉपकॉर्नचा आणि दोन रिक्षांचा हिशोब केला. अण्णांनी तो नक्कीच कागदावर केला असणार, अकाउंट्सचा माणूस.

सोमवारी दुपारी कँटीनमध्ये मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. मागून डब्याचा आवाज आला. अण्णांनी समोरची खुर्ची ओढली, बसले, डबा उघडला, झाकणात लोणचं काढलं आणि माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाले,

“कॅमेरा सुंदर होता हो.”