एक मरण किती खिडक्यांवर सांगायचं?

आज दुपारी घरपट्टीचं बिल आलं. अण्णांच्या नावाने. खाली नेहमीची ओळ, मुदतीत न भरल्यास दंड.

अण्णांना जाऊन चौदा महिने झाले. त्यांच्या मृत्यूचा दाखला दिला तो याच नगरपालिकेने, याच इमारतीतून. जन्म-मृत्यू नोंदणी तळमजल्यावर, कर विभाग पहिल्या मजल्यावर. मधे अठरा पायऱ्या. आईचे गुडघे दुखतात, म्हणून तिला आकडा पाठ आहे.

गेल्या वर्षी ती त्या पायऱ्या तीनदा चढली. दाखल्याची झेरॉक्स, वारसांचं संमतिपत्र, जुनी पावती, सगळं एका निळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. अर्जावर आवकचा शिक्का बसला. तरी बिल अण्णांनाच!

कायद्याने मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते. आम्ही चौथ्या दिवशी केली. म्हणजे चौथ्या दिवशी सरकारला कळलं होतं. मग रेशन कार्डातून नाव कमी करायला वेगळा अर्ज कशाला? मतदार यादीसाठी फॉर्म 7 कशाला? सातबाऱ्यावर वारस नोंद, वीज मीटर, पेन्शन... प्रत्येक ठिकाणी तीच पिशवी उघडायची आणि तोच प्रश्न ऐकायचा, "कोण मयत?" प्रत्येक ठिकाणी माझ्या आईने म्हणायचं, "माझे मिस्टर." पंचेचाळीस वर्षांचा संसार, आणि हे वाक्य तिला दीड महिन्यात सात वेळा म्हणायला लावलं. दोन खात्यांनी एकमेकांना निरोप द्यायचा नाही म्हणून तो निरोप माझ्या आईने पोचवायचा.

मला जास्त राग येतो, कारण माझी नोकरीच या कामाची आहे. एका विमा कंपनीत मी एंटरप्राइज आर्किटेक्चर बघते. नाव जड आहे, काम साधं. ॲप बनवायच्या आधी बसून मांडायचं की कुठली माहिती कोणाकडे आहे, तिची मूळ नोंद कुठली, आणि ती बदलली की कोणाकोणाला कळायला हवं. आधी नकाशा, मग भिंती. आपल्याकडे प्रत्येक खात्याने आपापली खोली बांधली, रंग दिला, पोर्टलचं उद्घाटन केलं. खोल्यांमधे दारं ठेवायची राहिली.

सरकारला हे माहीत नाही असं नाही. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचा इंडिया एंटरप्राइज आर्किटेक्चर हा आराखडा 2018 पासून आहे. नागरिकाला सगळी खाती मिळून एकच सरकार दिसलं पाहिजे, हेच त्यात आहे. 2023 मधे जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा बदलला. मृत्यूची नोंद मतदार यादीला, रेशनला देता येईल अशी सोय झाली. देता येईल! आमच्या गावात अजून ती पिशवीतूनच जाते. ब्रिटनमधे 'टेल अस वन्स' नावाची सेवा आहे. मृत्यू एकदा कळवायचा, बहुतेक सरकारी खात्यांना तिथूनच निरोप जातो.

आपला 2015 चा लोकसेवा हक्क कायदा मला आवडतो, खरंच. प्रत्येक सेवेला दिवस ठरवून दिले. पण तो एकेका खिडकीचे दिवस मोजतो. सात खिडक्या सातही वेळा मुदतीत काम करतील आणि तरी माझी आई दीड महिना वणवण करेल, हे त्यात कुठेच दिसत नाही.

हो, सगळी माहिती एका ठिकाणी जोडली तर पाळत ठेवता येते, मान्य. पण 'हा माणूस गेला' एवढी एक ओळ वरच्या मजल्यावर पाठवायला अवाढव्य भांडार लागत नाही. आणि मालमत्ता कोणाच्या नावावर करायची हे वारसांनीच सांगायला हवं, तेही मान्य. निदान मेलेल्या माणसाला दंडाची धमकी तरी देऊ नका.

एक गोष्ट मात्र लिहिताना मलाच अडवतेय. जिवंत म्हातारीला कोणी चुकून मयत दाखवलं तर? आज एका खात्यात तिचं पेन्शन थांबेल, सगळं जोडल्यावर रेशनही थांबेल. ही भीती खोटी नाही. म्हणून तर नकाशा काढताना आधी विचारायचं असतं की खात्री कोण करणार, चूक कोण आणि किती दिवसांत दुरुस्त करणार. घाईत तारा जोडून चालणार नाही.

कर विभागातल्या त्या बाईंवर माझा राग नाही. तिसऱ्या खेपेला त्यांनी आईला स्वतःची खुर्ची दिली, पाणी दिलं. "आमच्या कॉम्प्युटरवर खालचं काहीच दिसत नाही हो काकू," म्हणाल्या. त्यांनाही कोणी दार ठेवलेलं नाही.

संध्याकाळी बघितलं तर आईने बिल घडी करून त्याच निळ्या पिशवीत ठेवलं होतं. मला विचारलं, "उद्या ऑफिस किती वाजता उघडतं गं?"

मी उद्या रजा टाकली आहे. पिशवी मी घेऊन जाणार. आईला पायऱ्या चढू देणार नाही.