कर्मणी प्रयोगाचे प्रशिक्षण

कोकणातल्या भाषाशिक्षकाला जूनमध्ये पाऊस चुकत नाही आणि प्रशिक्षणाचा आदेशही चुकत नाही. आदेशातले स्थळ नेहमी असे असते की, सकाळच्या पहिल्या एस.टी.ने निघावे तर पोहोचेपर्यंत चहा संपलेला असतो आणि चहा गाठावा म्हटले तर आदल्या रात्री वस्तीच्या गाडीने जाऊन कुणाच्या तरी पडवीत मुक्काम करावा लागतो. यंदाचा विषय ‘भाषाविज्ञानातील नवे संशोधन आणि व्याकरण-अध्यापन’ असा भारदस्त होता.

पहिल्या सत्रात मार्गदर्शक बाईंनी डॅन लॉर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचे १९७५ सालचे म्हणणे मांडले. शालेय शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थी सुमारे १३,००० तास शिक्षकांसमोर बसलेला असतो. त्यामुळे पुढे तो स्वतः शिक्षक झाला की, प्रशिक्षणात काहीही सांगितलेले असले तरी, वर्गात शिरल्यावर आपल्या जुन्या गुरुजींसारखाच शिकवू लागतो. हे मला जागच्या जागी पटले, कारण बाई ते पडद्यावरून शब्दशः वाचून दाखवत होत्या आणि मधूनमधून थांबून ‘लिहून घेतलंत ना सगळ्यांनी?’ असे विचारत होत्या.

त्यानंतर २००७ सालचा ग्रॅहम आणि पेरिन यांचा अहवाल आला. चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांवर झालेले अनेक प्रयोग एकत्र तपासून त्यांनी दाखवले की, सुटे व्याकरण शिकवल्याने मुलांचे लेखन सुधारत नाही. छोटी वाक्ये जोडून मोठे वाक्य घडवण्याच्या सरावाने मात्र सुधारते. अभ्यास इंग्रजी लिहिणाऱ्या मुलांचा असला तरी मराठी शिकवणाऱ्याने मनावर घ्यावा असाच आहे. आम्ही तो घेतलाही, आणि लगेच हातात पडलेल्या उत्तरचाचणीतला पहिला प्रश्न वाचला : ‘कर्मणी प्रयोगाची व्याख्या लिहून दोन उदाहरणे द्या. गुण ३.’

खरा पेच इथूनच सुरू झाला. देवगडकडे ज्यांची हापूसची कलमे आहेत असे आमच्या केंद्रातले एक ज्येष्ठ गुरुजी उभे राहिले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, “मॅडम, ‘रामाने आंबा खाल्ला’ यात ‘ने’ आहे. ‘मी आंबा खाल्ला’ यातला ‘ने’ गेला कुठे?” बाईंनी प्रश्नाचे भरभरून कौतुक केले, तो एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहिला आणि भिंतीवरच्या ‘पार्किंग लॉट’ नावाच्या तक्त्यावर चिकटवला. अवघड प्रश्न तेथे उभे करून ठेवायचे आणि वेळ उरल्यास सोडवायचे, अशी ही पद्धत आहे; वेळ कधीच उरत नाही.

वास्तविक तो प्रश्न त्या दिवसातला सर्वांत मोलाचा होता. भाषावैज्ञानिक ज्याला एर्गेटिव रचना म्हणतात ती हीच : भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते, म्हणून खाणारा कोणीही असो, ‘आंबा खाल्ला’ आणि ‘पोळी खाल्ली’. हिंदीत ‘मैंने’ म्हणताना ‘ने’ टिकतो. आजच्या मराठीत ‘मी’ आणि ‘तू’ यांना तो लागतच नाही. त्यावर ‘तू आंबा खाल्लास’ हे वाक्य आणखी वरचढ, कारण त्यातले क्रियापद लिंग-वचन आंब्याचे घेते आणि शेवटचा ‘स’ मात्र कर्त्यासाठी राखून ठेवते. परंपरेने त्याला कर्तृ-कर्म-संकर असे नाव दिले आहे. ‘संकर’ ऐकताच गुरुजी खुलले आणि नीलम व हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने १९८१ साली आणलेल्या ‘रत्ना’ आंब्याबद्दल त्यांनी जे सांगितले, ते त्या सभागृहातले एकमेव सत्र असे होते की ज्यात कोणी डुलकी घेतली नाही. आपल्याच कोकणातल्या मालगुंडच्या घराण्यातले, केशवसुतांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिताना प्रयोगांवर किती खल केला आहे, हे मी सांगू लागलो, तेव्हा माझीही चिठ्ठी झाली.

जेवणानंतर बोलींचा आदर करण्याविषयी सत्र होते. शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा शिक्षणाचे माध्यम असावी, हे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातले कलम पडद्यावर झळकले. आदर व्यक्त झाल्यावर गटकार्याचा कागद आला : ‘पुढील अशुद्ध वाक्ये शुद्ध करा’, आणि पहिलेच वाक्य ‘माका भूक लागली’. माझ्या वर्गातला मालवणी बोलणारा पहिलीचा पोरगा ‘झील इलो, आवस इली, चेडू इलां’ (मुलगा आला, आई आली, मुलगी आली; ‘चेडू’ नपुंसकलिंगी) असे सहज म्हणतो. म्हणजे तिन्ही लिंगे आणि त्यांच्याशी जुळणारी क्रियापदे तो व्याख्येशिवाय, गुणांशिवाय आणि आमच्याशिवाय बिनचूक चालवतो. हे मी आमच्या गटातर्फे मांडले. पार्किंग लॉट तोपर्यंत भरला होता, म्हणून चिठ्ठी शेजारच्या खिडकीवर लागली आणि वाऱ्याने उडून गेली.

पाच वाजता ऑनलाइन अभिप्राय भरायचा होता. सभागृहात रेंज नव्हती, म्हणून आम्ही सगळे छत्र्या घेऊन मागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गेलो आणि मोबाइल आभाळाकडे धरून उभे राहिलो. “गेलो काय रे तुझो फॉर्म?” “नाय गा, गोल गोल फिरतासा.” अभिप्राय कोणाचाच गेला नाही, मात्र ‘ज्यांचा अभिप्राय सहा वाजेपर्यंत प्राप्त होणार नाही, त्यांना हेच प्रशिक्षण पुनश्च घ्यावे लागेल’ हा वरिष्ठांचा संदेश त्याच सड्यावर, त्याच पावसात, सर्वांना एकाच क्षणी मिळाला.