मांडीतली गोळी ‘साधी’ नसते

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपांपासून वाशी-खारघरपर्यंत सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. कुणा प्रेक्षकाने नुकत्याच पाहिलेल्या एका गुन्हेगारी थरारपटाचं त्यात तोंड भरून कौतुक केलंय. निळ्या-गुलाबी दिव्यांतली रात्र, पावसातला पाठलाग, सायलेन्सर लावलेलं पिस्तूल आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत रक्त. सिनेमा आवडला याबद्दल तक्रार नाही. पण पुढे लिहिलंय ते असं: यात एकही सीन खोटा नाही. मांडीत लागलेली गोळी साधी असते, ती घरीच काढता येते. डोक्यात फटका बसला की माणूस तासभर झोपतो आणि उठून चालू लागतो. हॉस्पिटल पोलीस आल्याशिवाय जखमीला हात लावत नाही आणि पोलीस २४ तासांशिवाय बेपत्ताची तक्रार घेत नाहीत, हे कटू सत्य दाखवायची हिंमत या दिग्दर्शकाने केली. आणि शेवटी, ‘ए’ सर्टिफिकेटला घाबरू नका, मुलांना सोबत न्या, स्वसंरक्षण शिकतील.

शेजारच्या दहावीतल्या मुलाने हाच मेसेज पुढे करून रविवारच्या शोची परवानगी मागितली, आणि त्याची आई विचारायला आली, “मी बरोबर असले की चालतं ना?” तिला दिलेलं उत्तर शेवटी आहे. आधी बाकीचं निस्तरायला हवं.

‘एकही सीन खोटा नाही’ हे एका आकडेमोडीत संपतं. सिनेमात गोळी लागलेला माणूस मागे उडून काचेवर आदळतो. ९ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी साधारण ८ ग्रॅमची असते आणि सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. तिचा सगळा जोर ७० किलोच्या माणसात उतरला, तरी त्याला मागे मिळणारा वेग सेकंदाला ४ सेंटिमीटर इतकाच भरतो. शिवाय जेवढा धक्का समोरच्याला, निदान तेवढा गोळी झाडणाऱ्याच्या हाताला बसतोच. मग तो का उडत नाही? गोळी लागलेला माणूस बहुतेक वेळा जागीच कोसळतो, किंवा आपल्याला काय झालंय हे न कळून चार पावलं चालतोसुद्धा. पडद्यावर तो उडतो कारण शर्टाखाली हार्नेस, म्हणजे अंगाभोवती आवळलेला पट्ट्यांचा साज, असतो, हार्नेसला केबल असते आणि ती केबल झटक्यात ओढली जाते.

छातीवर फुटणारं रक्त म्हणजे स्क्विब: रक्ताची छोटी पिशवी, तिच्यामागे विजेने उडणारा अगदी लहान स्फोटक आणि अंगाला इजा होऊ नये म्हणून आत पातळ पत्रा किंवा चामडं. आता तेच काम बऱ्याचदा दाबलेल्या हवेवर किंवा थेट संगणकावर होतं. रक्त बनतं साखरेच्या पाकापासून. त्यात खायचा लाल रंग, आणि गुलाबी झाक मारायला थेंबभर निळा किंवा चिमूटभर कोको. म्हणून ते सिनेमा संपेपर्यंत लालभडक राहतं. खरं रक्त वाळता वाळता तपकिरी पडतं.

एक मान्य केलं पाहिजे: हा सिनेमा दिसतो देखणा. पण तोही देखणेपणा बनवलेलाच आहे. रस्ता टँकरने भिजवतात, म्हणजे दिव्यांचे रंग डांबरावर पसरतात. पावसाच्या थेंबांमागून दिवा मारतात, नाहीतर कॅमेऱ्याला पाऊस दिसतच नाही. सेकंदाला १२० फ्रेम टिपून २४ ने दाखवल्या की हालचाल पाचपट संथ होते आणि हिंसेला नाचाची लय येते. हे कसब आहे आणि दाद द्यायची तर त्याला द्या. कॅमेऱ्याने जसंच्या तसं टिपलं असं म्हणणं म्हणजे त्या लाइटमनच्या आणि फाइटमास्टरच्या मेहनतीवर पाणी ओतणं आहे.

सायलेन्सरचं एका वाक्यात: साध्या पिस्तुलाचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास, सायलेन्सर त्यातले २० ते ३५ कमी करतो, आणि जे उरतं ते शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू येतंच.

आता मांडीतली गोळी. मेसेजमधला हा भाग वाचून खरा संताप येतो, कारण तो लिहिणाऱ्याने लोकांना मरण्याची कृती सांगितली आहे. मूळ शब्द असे: “पायावर गोळी म्हणजे धोका नाही. हिरो चाकू तापवून गोळी काढतो, दारू ओततो, पट्टा बांधतो आणि पुढच्या सीनला हजर. माहिती म्हणून लक्षात ठेवा.”

माहिती म्हणून हे लक्षात ठेवा. जांघेतून मांडीत उतरणारी फीमोरल आर्टरी ही पायाची मुख्य रोहिणी आहे. ती पूर्ण तुटली तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. त्यातलं दोन लिटर, म्हणजे पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या, भराभर गेलं की हृदयाला ढकलायला पुरेसं रक्त उरत नाही. मांडीच्या स्नायूंतच लिटरभर रक्त साठू शकतं, ते बाहेर दिसतही नाही. ‘फक्त पायावर’ असा सुरक्षित नेम नसतो.

बंदुकीच्या गोळ्या आपल्याकडे रोज लागत नाहीत, हे खरं. पण नेमकी अशीच जखम बाथरूमच्या फुटलेल्या काचेने होते, बांधकामावरच्या सळईने होते, ग्राइंडरची चकती तुटून होते, बाईक घसरून पत्र्यावर गेल्याने होते. तेव्हा बघ्यांच्या डोक्यात सिनेमाच असतो. कुणीतरी पुढे होऊन काच उपसतो. घुसलेली वस्तू आत असते तोवर ती बुचासारखी भोक दाबून असते. ती काढली की बूच निघालं, आणि निघताना तिने आणखी एखादी शीर कापलेली असते. म्हणून चाकू, काच, सळई जिथे आहे तिथेच ठेवायची, दोन्ही बाजूंनी कापडाच्या गुंडाळ्या लावून हलणार नाही अशी बांधायची. सळई लांब असेल तर बाहेरचा भाग कापून माणूस हलवायचा का, हे अग्निशमन दलाच्या जवानांना ठरवू द्यावं.

गोळी काढण्याची घाई तर डॉक्टरही करत नाहीत. जीव रक्तस्रावाने जातो, आत पडून राहिलेल्या धातूने नाही. अनेकदा सर्जन गोळी तशीच शरीरात ठेवतात, कारण शोधाशोधीत होणारं नुकसान जास्त असतं. गोळी ‘गरम असते म्हणून निर्जंतुक’ ही समजूतही चुकीची. ती जाताना कपड्याचे धागे आणि मळ आत ओढून नेते. तापवलेल्या चाकूने फक्त वरचं मांस जळतं. तुटलेल्या रोहिणीची टोकं आक्रसून आत खोल गेलेली असतात, तिथवर ती डागणी पोचत नाही, आणि जळलेलं मांस जंतुसंसर्गाला आयतं मिळतं. दारूने जिवंत पेशी मरतात. आपल्या घरातली हळद, कॉफी, टूथपेस्टही इथे नको. वाहतं रक्त त्याने थांबत नाही आणि सर्जनला तो लगदा धूत बसावं लागतं.

करायचं काय? माणसाला आडवं करा. जखमेत काच-सळईसारखं काही रुतलेलं नसेल तर स्वच्छ रुमाल, टॉवेल, ओढणी, जे हाताशी असेल ते थेट रक्त येतंय त्या जागी लावून दोन्ही तळवे एकावर एक ठेवा, कोपर ताठ करा आणि अंगाचा भार टाका. हलका हात ठेवून उपयोग नाही. थांबलं का हे बघायला कापड उचलायचं नाही. दर वेळी उचललं की धरलेली गुठळी निघते. भिजलं तर वर दुसरं कापड. हात-पाय, जांघ, काख इथली जखम खोल असेल तर कापड बोटाने आत तळापर्यंत कोंबून मग दाबा. छाती-पोटात मात्र कधीही कोंबू नका.

हाता-पायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर टुर्निकेट, म्हणजे अवयव वरून आवळून रक्तपुरवठाच बंद करणारा पट्टा. सिनेमात इथे कंबरेचा बेल्ट येतो आणि इथेच घोळ होतो. बेल्ट ताठ असतो, हाताने ओढून तो मांडीभोवती पुरेसा आवळतच नाही. अर्धवट आवळला तर अशुद्ध रक्त परत जायचं थांबतं, रोहिणीतून येणारं येतच राहतं आणि रक्तस्राव वाढतो. सुतळी किंवा वायर मांस कापते. ओढणी किंवा जाड कापड चार-पाच सेंटिमीटर रुंद घडी करून, जखमेच्या पाच-सात सेंटिमीटर वर, म्हणजे हृदयाच्या बाजूला, गुडघा-कोपराचा सांधा सोडून बांधा. गाठीत लाटणं किंवा स्क्रूड्रायव्हर अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळा आणि ती काडी सुटू नये म्हणून बांधून टाका. भयंकर दुखतं. दुखतंय म्हणून सैल करू नका. वेळ कपाळावर किंवा हातावर पेनाने लिहा. दोन तासांपर्यंत सहसा अवयव वाचतो. पट्टा सोडायचा तो हॉस्पिटलमध्येच.

माणसाला चादरीने झाका, गार पडलेल्या अंगात रक्त नीट गोठत नाही. पाणी पाजू नका, पुढे भूल द्यायची असते. १०८ लावा. संध्याकाळच्या वेळी घोडबंदरला रुग्णवाहिका अडकणार असं दिसत असेल तर मिळेल त्या गाडीने निघा, पण दाबलेला हात वाटेत सोडू नका.

आता हॉस्पिटल. ‘पोलीस आल्याशिवाय हात लावत नाहीत’ या दाव्याला एकच उत्तर पुरे आहे: परमानंद कटारा विरुद्ध भारत सरकार, सर्वोच्च न्यायालय, १९८९. एका स्कूटरस्वाराला गाडीने उडवलं. जवळच्या हॉस्पिटलने, आम्ही पोलीस केस घेत नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्याकडे न्या, असं सांगितलं आणि तो वाटेत गेला. त्या बातमीवरून ही याचिका झाली. न्यायालयाने सांगितलं की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणं हे त्याचं पहिलं कर्तव्य. पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत. जखमी निरपराध असो की गुन्हेगार, फरक नाही. निकालाला तीन दशकं उलटून गेली आणि आपण अजून पडद्यावरचा संवाद कायदा म्हणून एकमेकांना पाठवतोय.

यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करायला हवं. गोळी, चाकू, अपघात यांत हॉस्पिटलला एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केसची नोंद, करावीच लागते, पोलिसांना कळवावंच लागतं. काउंटरवर डिपॉझिट मागून ताटकळत ठेवल्याचे अनुभवही लोकांना आलेत. पण एमएलसीची नोंद उपचार चालू असताना होते. काउंटरवर ठामपणे म्हणा, “एमएलसी करा, पण आधी रक्त थांबवा.” कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि वाशीचं महापालिका रुग्णालय, दोन्हीकडे पोलीस केसेस घेतात. जखमीचे कपडे कापावे लागले तर भोकातून कापू नका आणि धुऊ नका, तो पुरावा असतो. अपघातातल्या जखमीला आणणाऱ्याला आपलं नाव सांगायची सक्ती नाही.

डोक्यातला फटका: मार लागून काही मिनिटं शुद्ध हरपणं ही मेंदूची गंभीर दुखापत आहे, तासभर तर फारच. त्याहून फसवं म्हणजे माणूस शुद्धीवर येतो, नीट बोलतो आणि कवटीच्या आत रक्त साठत असल्याने काही तासांनी कोसळतो. उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं यातलं काहीही असेल तर ‘झोपला की बरं वाटेल’ म्हणत थांबायचं नाही, सीटी स्कॅनची सोय असलेल्या ठिकाणी न्यायचं.

२४ तासांचा नियम कुठल्याही कायद्यात नाही. ठाणे अंमलदार “उद्या या” म्हणाले असतील, तर तो त्यांचा कंटाळा, कायदा नव्हे. मूल हरवलं असेल तर २०१३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार थेट गुन्हा नोंदवायचा असतो. आणि हद्दीचं कारणही ऐकून घेऊ नका. विटावा ठाणे पोलिसांकडे, पलीकडचं दिघा नवी मुंबईकडे, या वादात पालकांनी का धावायचं? गुन्ह्याची खबर हद्द न बघता घ्यायची, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच लिहिलंय, १ जुलै २०२४पासून. अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, मोबाइल नंबर घेऊन जा आणि नोंदीची प्रत मागून घ्या.

स्वसंरक्षणाबद्दल एवढंच, की कायद्याने दिलेला बचावाचा हक्क गरजेपुरता आहे. पडलेल्या माणसावर हिरो आणखी सहा वार करतो, ते त्या हक्कात बसत नाही. आणि सिनेमा पाहून कुणी खिशात सुरा घेऊन फिरणार असेल, तर आयुक्तालयांच्या हद्दीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चे मनाई आदेश वरचेवर लागू असतात. नुसतं शस्त्र बाळगल्यानेही कारवाई होते.

राहिला त्या आईचा प्रश्न. नाही, चालत नाही. पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायचं ते ‘यूए’, आणि २०२३च्या दुरुस्तीनंतर त्याचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. त्यात निर्णय पालकांचा. ‘ए’ म्हणजे १८ पूर्ण, मग सोबत आई असो, वडील असोत की दोघंही. अल्पवयीन मुलाला आत सोडणं हा सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली थिएटरचा गुन्हा ठरतो, म्हणून दारावर वयाचा पुरावा मागतात आणि नसला तर तिकीट असूनही परत पाठवतात. बुकिंग करताना सिनेमाच्या नावापुढे हे अक्षर असतं, थिएटरात सुरुवातीच्या प्रमाणपत्रावरही असतं. मुलाचं तिकीट काढून झालं असेल तर शोआधी रद्द करता येतं का ते आजच बघून घ्या.