वेब वाचत राहिला की संगणक आपोआप शहाणा होतो?

संगणकाला वेबवर मोकळं सोडा, तो दिवसरात्र वाचेल, कुणाच्या मदतीशिवाय शिकेल आणि जितकं वाचेल तितका अचूक होत जाईल, असा दावा सध्या सगळीकडे फिरतो आहे. हे करून पाहिलेलं आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने जानेवारी २०१० मध्ये ‘नेल’ ही प्रणाली सुरू केली. न थांबता वेब वाचायचं, तथ्यं साठवायची आणि रोज आदल्या दिवसापेक्षा चांगलं वाचायला शिकायचं, हे तिचं काम.

‘कुणाची मदत लागत नाही.’ लागली, आणि अगदी पहिल्या दिवसापासून. शहर, कंपनी, खेळाचा संघ असे १२३ वर्ग आणि त्यांच्यातले ५५ संबंध (जसं, अमुक कंपनी अमुक शहरातली) माणसांनीच ठरवून दिले, प्रत्येकाची १०-१५ उदाहरणंही दिली.

‘जास्त वाचलं की जास्त अचूक.’ इथे दावा सर्वात जास्त घसरतो. पहिल्या ६७ दिवसांत नेलने २,४२,४५३ तथ्यं जमवली. त्यांपैकी सुमारे ७४ टक्के बरोबर असल्याचा अंदाज होता. पण त्या काळाचे तीन टप्पे पाडले तर अचूकता ९०, मग ७१, मग ५७ टक्के अशी उतरत गेली. सोपी तथ्यं आधी हाती लागतात, हे एक कारण. दुसरं जास्त गंभीर आहे. माहीत असलेल्या नावांवरून प्रणाली वाक्यांचे साचे (जसं, ‘अमुक शहराचे महापौर’) शिकते, त्या साच्यांवरून नवी नावं उचलते आणि त्या नावांवरून पुन्हा नवे साचे. एक चुकीचं नाव आत आलं की ते आपले साचे घेऊनच येतं. ब्राउझरमधल्या कुकीज, म्हणजे वेबसाइट्स संगणकावर ठेवतात त्या छोट्या नोंदी, नावावरून बिस्किटं समजून नेलने भट्टीत भाजलेल्या पदार्थांत टाकल्या. लोक कुकीज ‘डिलीट’ करतात, फायलीही ‘डिलीट’ करतात, म्हणून फायलीही खाण्याच्या पदार्थांत जाऊ लागल्या. शेवटी हे माणसांना दुरुस्त करावं लागलं.

‘शेकडो पानांवर आहे म्हणजे खरंच.’ वेबवर मजकूर एकमेकांकडून उचलला जातो, त्यामुळे शेकडो पानं म्हणजे शेकडो साक्षीदार नव्हेत. नेलच्या कर्त्यांनी म्हणूनच वेगवेगळ्या पद्धती एकत्र जोडल्या: एक वाक्यं वाचते, दुसरी पानांवरच्या याद्या आणि तक्ते, तिसरी शब्दांची घडण पाहते. ही कल्पना मला फार मोलाची वाटते. तरीही या सगळ्या पद्धती वाचतात ते एकच वेब; मूळ चूकच सर्वत्र उतरवली गेली असेल तर त्या सगळ्या मिळून तीच चूक पक्की करतील.

२०१५ पर्यंत नेलकडे ८ कोटींहून अधिक नोंदी होत्या. हा आकडा ‘८ कोटी तथ्यं’ म्हणून सांगणं चूक आहे. प्रत्येक नोंदीसोबत तिच्यावर किती विश्वास ठेवायचा याचं वजन होतं आणि अनेक नोंदींचं वजन कमी होतं. वेब वाचून शिकल्याचा दावा करणाऱ्या कुठल्याही प्रणालीकडे मी एकूण सरासरी मागणार नाही. अगदी शेवटी शिकलेल्या तथ्यांतला एक नमुना माणसांनी तपासावा आणि त्यात किती बरोबर निघाली, तेवढंच सांगावं.