समोरची गाडी

माझ्या आयुष्यात एक्सेल फार आहे. लग्नाला, बारशाला, अगदी दाताच्या डॉक्टरकडे जातानाही मी तक्ता करतो. मेव्हणीच्या मुलीचा साखरपुडा बेळगावात होता आणि बायको दोन दिवस आधीच पुढे गेली होती. माझ्या तक्त्यात पुणे ते मिरज, मिरजेत 45 मिनिटं (चहा 7, वडा 8, राखीव 30), मग बेळगावची गाडी आणि साडेसहाला इस्त्री न मोडता हॉलच्या दारात, असं सगळं होतं. तक्ता बायकोला पाठवला. तिनं नुसता अंगठा पाठवला. आमच्याकडे अंगठ्याचे बरेच अर्थ होतात.

मिरजेत सगळं वेळेवर झालं. चहा तर 6 मिनिटांतच उरकला. माझा डबा जिथे यायचा त्या खांबाखाली बॅग ठेवली, कानात इअरफोन खुपसले आणि वेळेच्या नियोजनावरचं एक व्याख्यान लावलं. तेवढ्यात समोरच्या फलाटावर कुठलीशी गाडी लागली आणि माझ्या आजूबाजूचे लोक जिन्याकडे पळत सुटले. पोरं, पिशव्या, एक आजी, आजींच्या हातातला स्टीलचा डबा. मला त्यांची दया आली. काही माणसं आयुष्यभर अशीच धावत गाडी पकडतात! एका गृहस्थानं पळता पळता माझ्याकडे बघून जोरजोरात हात केला. मीही केला. ओळखीचा वाटला नाही, पण शिष्टाचार असतो.

गाडी हलली. डब्यावरची पाटी डोळ्यांसमोरून गेली, तेव्हा मी ती आधी वाचली आणि मग समजून घेतली.

"बेळगावची ना? गेली की आत्ता," चौकशीच्या खिडकीतला माणूस म्हणाला. "फलाट बदललाय म्हणून चारदा सांगितलं माईकवर. ऐकलं न्हाई?"

मी काय ऐकत होतो ते मी त्याला सांगितलं नाही.

पुढची गाडी 5 वाजून 10 मिनिटांनी. म्हणजे साखरपुडा बुडाला. बायकोला फोन केला. मागे सनईची टेप वाजत होती. "बरं," ती म्हणाली, "तक्त्यात बदल करा." एवढंच. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

बॅग घेऊन बाहेर आलो तर रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठल्या दवाखान्यात? कोण ॲडमिट हाय?" मिरजेत उतरलेला, बॅग घेतलेला आणि चेहरा पडलेला माणूस दवाखान्यातच जायचा, हा त्याचा अनुभव. कुणी नाही, गाडी चुकली म्हटल्यावर त्यानं क्षणभर विचार केला. "मग तंबोरं बघून या."

अशा रीतीनं मी सतारमेकर गल्लीत पोचलो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं ही बातमी मी वाचली होती; वाचून पान उलटलं होतं. दुकानात छताला वाळलेले भोपळे टांगले होते, एकेक घागरीएवढा. खाली लाकडाचा भुसा, लाखेचा वास आणि मांडीवर तंबोरा आडवा घेतलेले एक चाचा. "बसा की," ते म्हणाले. मला वाटतं तंबोरा घ्यायला आलेला नाही हे त्यांनी माझ्या बुटांवरूनच ओळखलं असावं.

भोपळे मंगळवेढा-पंढरपूरकडून येतात म्हणाले. "आमी मूळचे शिकलगार. तलवारींना धार लावायची, चिलखतं दुरुस्त करायची. राज्यं गेली, तलवारी गेल्या. मग हे." दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी अख्ख्या घराण्याची गाडी चुकली होती आणि त्यांनी फलाटावर उभं राहून व्याख्यान ऐकलं नव्हतं.

मी माझी कर्मकहाणी सांगितली. चाचांनी मान हलवली. "अब्दुल करीम खाँसाहेब ठाऊक हाईत? मोठे गवई, हितंच ऱ्हायचे. 1937 साली मद्रासकडं गाडीत बरं वाटेना म्हणून मधल्याच एका स्टेशनात उतरले. फलाटावरच तंबोरा सुरात लावून घेतला, गायले आणि तितंच गेले. तुमची नुसती गाडी गेलीय."

यावर काय बोलणार?

मग त्यांनी तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेतला गुंजणारा आवाज, काढायला घेतली. घोडी म्हणजे तारांखालची छोटी पट्टी; तिच्यावरून चारही तारा जातात. ती घोडी कानसेनं अगदी हलक्या हातानं घासायची, तार लावायची, छेडायची, पुन्हा सैल करून पुन्हा घासायची. अर्धा तास हेच. मला तरी ती तार रिकाम्या तेलाच्या डब्यासारखी वाजत होती. शाळेत समूहगीतात बाईंनी मला 'तू फक्त ओठ हलव' असं सांगितलं होतं, तेव्हा माझ्या मताला किंमत नाही. शेवटी त्यांनी बंडीच्या खिशातून साधा सुती दोरा काढला, वीतभर तोडला आणि तारेखाली घोडीवर सरकवला. तार छेडली. डबाच. दोरा केसभर पुढे. डबा. आणखी केसभर.

आणि तार उघडली. दुसरा शब्द मला सुचत नाही. एका तारेतून एकदम चार-पाच जणांनी आ लावावा तसं काहीतरी भोपळ्यातून वर आलं आणि थांबेचना. माझ्या हातावर काटा आला. चाचा माझ्याकडे बघत नव्हते. ते डोळे मिटून पुढची तार मिळवत होते.

खर्जाची तार अर्धीमुर्धी लागली असताना माझ्या खिशातला गजर ठणाणा वाजायला लागला. 4 वाजून 30 मिनिटं : स्टेशनकडे प्रस्थान.

चाचांचा हात थांबला. त्यांनी कान तिरका करून गजर पुरा ऐकून घेतला.

"सूर काळी एकचा," ते म्हणाले. "पण जरासा उतरलाय. खुंटी कुठाय ह्याची?"

नाही म्हटलं, आणि तो बंद केला.

"बेळगावला एस्ट्या हाईत रात्रीपर्यंत," मागून त्यांचा मुलगा म्हणाला आणि माझ्यासाठी चहा आणायला निघून गेला.