देवमासा कोकणात वाट चुकून येतो म्हणे!

२०२३ च्या ऐन दिवाळीत गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला देवमाशाचं पिल्लू लागलं. त्याला परत पाण्यात नेण्यासाठी लोकांनी बरीच धडपड केली, पण ते वाचलं नाही. तेव्हापासून एक मजकूर या फोनवरून त्या फोनवर फिरतो आहे. कुठेही मेलेला देवमासा दिसला की नव्या फोटोखाली तोच मजकूर चिकटवला जातो. सारांश असा: देवमासा बर्फाळ समुद्रातला प्राणी, तो अंटार्क्टिकाहून वाट चुकून आपल्याकडे येतो. आपला समुद्र उबदार, इथे त्याच्या पोटाला काही मिळत नाही, म्हणून तो किनाऱ्यावर येऊन जीव देतो. असं झालं की भूकंप किंवा त्सुनामी येणार हे नक्की. जिवंत असेल तर त्याला ढकलून द्या, तो आपल्या घरी जाईल. आणि फार काळजी नको, जगात देवमासे आता भरपूर वाढलेत. शेवटी जोडलेल्या हातांची इमोजी.

इमोजीबद्दल माझी तक्रार नाही. बाकीचं एकेक करून बघू.

«बर्फाळ समुद्रातला प्राणी.» देवमासा ही काही एकच जात नाही. ब्रायडस व्हेल नावाचा देवमासा ध्रुवांकडे फिरकतही नाही, जन्मापासून मरेपर्यंत तो उष्ण आणि कोमट पाण्यातच राहतो. जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या वाळूत येऊन पडलेलं अजस्र धूड याच जातीचं होतं. ओळखायला तो अवघडही नाही. वरच्या जबड्यावर, नाकपुड्यांपासून तोंडाच्या टोकाकडे गेलेले तीन समांतर कंगोरे असतात. त्याच्या जवळच्या भाऊबंदांना मधला एकच असतो. डोक्याचा वरून काढलेला एक बरा फोटो असला तरी निकाल लागतो. आपल्याकडे मात्र फोटो निघतो तो पोटाच्या बाजूने, आणि पुढे सेल्फीवाले उभे.

«अंटार्क्टिकाहून वाट चुकून आला.» मजकुराचा सगळा डोलारा या वाक्यावर उभा आहे. खरं सांगायचं तर एके काळी जाणकारांनाही असंच काहीसं वाटत असे, त्यामुळे फॉरवर्ड करणाऱ्यांना हसण्यात अर्थ नाही. नकाशा पाहिला की तसं का वाटलं ते कळतं. अटलांटिक आणि पॅसिफिकमधले हंपबॅक देवमासे उन्हाळ्यात ध्रुवाकडच्या थंड पाण्यात जाऊन पोटभर खातात आणि हिवाळ्यात विषुववृत्ताकडे येऊन पिल्लं घालतात. अरबी समुद्राला उत्तरेकडे दारच नाही. वर इराण, पाकिस्तान, गुजरात. मग इथे दिसणारे हंपबॅक दक्षिणेकडूनच येत असणार, असा सरळ तर्क होता.

तो खोटा ठरला एका काळ्या धंद्याच्या कागदपत्रांमुळे. नोव्हेंबर १९६६ मध्ये सोव्हिएत संघाचे ‘स्लावा’ आणि ‘सोवेत्स्काया उक्राइना’ हे दोन तरंगते कारखाने, म्हणजे मारलेले देवमासे जागेवरच चिरणारी जहाजं, आपल्या शिकारी बोटींसह अरबी समुद्रात शिरले. आंतरराष्ट्रीय नियम धाब्यावर बसवून त्यांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांजवळ हंपबॅक मारले. त्या काळात एकूण २४२ मारले गेले, त्यातले जवळजवळ सगळे त्या एकाच हंगामात. त्या दशकात उत्तर हिंदी महासागरात त्यांनी निळ्या देवमाशांचीही हजाराहून अधिक संख्येने कत्तल केली. जगाला दिलेले आकडे खोटे होते. खरी नोंद जहाजांवरच्या शास्त्रज्ञांनी जपून ठेवली, आणि सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९७ मध्ये युरी मिखालेव यांनी ती प्रसिद्ध केली.

जहाजाच्या डेकवर प्रत्येक देवमासा चिरला जाई तेव्हा हे शास्त्रज्ञ दोन गोष्टी बघत: पोटात काय आहे आणि गर्भाशयात काय आहे. कित्येकांच्या पोटात क्रिल (कोळंबीसारखे इवले जीव) आणि थव्याने फिरणारे छोटे मासे सापडले, तेही नुकतेच खाल्लेले. म्हणजे हे प्राणी इथे उपाशी भटकत नव्हते, जेवत होते. दुसरी नोंद याहून बोलकी आहे. दक्षिण गोलार्धातले हंपबॅक साधारण जुलै-ऑगस्टच्या सुमारास विणीला येतात, आणि गर्भ पोटात राहतो जवळपास वर्षभर. त्या हिशेबाने नोव्हेंबरात मादीच्या पोटात असलाच तर अगदी इवला गर्भ असायला हवा, आणि ती स्वतः अंटार्क्टिकाच्या वाटेला लागलेली हवी. इथल्या माद्यांच्या पोटात मात्र चांगले मोठे, दोन-चार महिन्यांत जन्माला येतील असे गर्भ होते. म्हणजे त्यांची वीण उत्तर गोलार्धाच्या पंचांगाने चालते, अंटार्क्टिकावाल्यांपेक्षा सहा महिन्यांच्या फरकाने. वाट एक वेळ चुकेल, गर्भाचे महिने कसे चुकतील?

पुढे जनुकांनीही तेच सांगितलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार अरबी समुद्रातले हंपबॅक बाकीच्यांपासून सुमारे ७०,००० वर्षं वेगळे पडलेले आहेत. जगातले बाकी हंपबॅक दरवर्षी हजारो किलोमीटरची वारी करतात, हे मात्र वर्षभर याच समुद्रात राहतात. त्यांची गाणीही दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांपेक्षा वेगळी. निळ्या देवमाशांचंही तसंच. ओमानपासून हिंदी महासागरातली चागोस बेटं आणि मादागास्करपर्यंत ऐकू येणारं, आजवर कुणी न नोंदवलेलं त्यांचं एक गाणं २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. वेगळं गाणं म्हणजे बहुधा वेगळी वस्ती.

«उबदार समुद्रात खायला काही नाही.» हे वाक्य कोकणातल्या एखाद्या तांडेलाला वाचून दाखवा आणि त्याचा चेहरा बघा. बांगडा आणि तारली येते कुठून मग? अरबी समुद्र जगातल्या सुपीक समुद्रांपैकी एक आहे आणि त्याला सुपीक करतो तो आपलाच पाऊसवारा. जूनपासून नैर्ऋत्येचे वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यांना समांतर, जोराने वाहू लागतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब सरकतं आणि त्याच्या जागी तळाकडचं गार, खनिजांनी भरलेलं पाणी वर येतं. ऐन उन्हाळ्यात ओमानच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्र थंडगार होतो तो यामुळे. त्या खतावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, माजतं, प्लवकावर क्रिल आणि तारली, आणि त्यांच्यावर देवमासा. हिवाळ्यात पुन्हा उत्तरेकडचे कोरडे वारे वरचं पाणी गार करतात. गार पाणी जड होऊन खाली बसतं, खालचं वर ढवळून येतं आणि दुसरा बहर येतो. दुसरीकडच्या हंपबॅकला जेवायला एका टोकाला आणि बाळंतपणाला दुसऱ्या टोकाला जावं लागतं. इथल्याला दोन्ही एकाच समुद्रात मिळतं. मग तो जाईल कशाला?

ओमानमध्ये मसिरा आणि हल्लानियात या दोन उपसागरांत हंपबॅक सर्वाधिक दिसतात. किनाऱ्याजवळचं उथळ पाणी, खोल समुद्र नव्हे. म्हणजे जिथे मच्छीमारांच्या होड्या, तिथेच हेही. पण ते तिथेच बसून असतात असंही नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात तिथल्या संशोधकांनी लुबान नाव दिलेल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला खुणावणारं छोटं यंत्र बसवलं. महिनाभर ती ओमानजवळच रेंगाळली, मग सरळ पूर्वेला निघाली आणि अख्खा अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली. तिथून किनाऱ्याने दक्षिणेला, पार कन्याकुमारीपर्यंत, आणि मग परत ओमानकडे. अरबी समुद्र ओलांडणाऱ्या हंपबॅकचा हा पहिला नोंदलेला माग. त्याच वर्षी मार्चमध्ये गोव्याजवळ ग्रँड आयलंडच्या पाण्याखाली लावलेल्या ध्वनिग्राहकांत हंपबॅकचं गाणं पकडलं गेलं होतं. आणि गाणं म्हणतात ते नर, विणीच्या काळात.

सिंधुदुर्गात २०१५ मध्ये कुणकेश्वरच्या समोर संशोधकांना निळे देवमासे दिसले, पिल्लासह. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर शंभर वर्षांनी दिसले म्हणून तेव्हा बातम्या झाल्या. शंभर वर्षांत ते आले नव्हते की बघायला कुणी गेलं नव्हतं, हा प्रश्न मात्र त्या बातम्यांत फारसा कुणी विचारला नाही. डॉल्फिनच्या पाहणीसाठी माणसं नियमाने बोटीतून जाऊ लागली आणि देवमासे दिसू लागले.

«किनाऱ्यावर येऊन जीव देतो.» किनाऱ्याला लागणाऱ्या देवमाशांपैकी पुष्कळ आधीच मेलेले असतात. मेल्यावर पोटात वायू धरतो, धूड फुगून वर येतं आणि वारा नेईल तिकडे जातं. पावसाळ्यात वारा समुद्रावरून जमिनीकडे, म्हणजे ते आपल्याच दारात येणार. कुठल्या गावी लागला यावरून तो कुठे राहत होता हे सांगता येत नाही, कुठे मेला हेही नाही. जिवंत लागणारे असतातच. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला लागलेला मोठा देवमासा जिवंत होता, तो तिथेच गेला. आजार, जहाजाची धडक, जाळ्यात गुरफटून आलेला थकवा, आईपासून तुटलेलं पिल्लू अशी कारणं शवविच्छेदनातून कधी कळतात, कधी नाही. पण «जीव दिला» हे निदान कुठल्याच पशुवैद्याच्या अहवालात बसत नाही.

भूकंपाचं काय? काही नाही. आपल्याकडे मेलेले देवमासे लागत राहतात आणि त्सुनामी काही मागोमाग येत नाही. पुढे चला.

«ढकलून द्या, घरी जाईल.» यात भाबडी माया आहे, पण ती महागात पडते. पाणी ज्याचा भार पेलत होतं ते अनेक टनांचं शरीर वाळूवर स्वतःच्याच वजनाखाली दबतं. फुप्फुसं नीट फुगत नाहीत, स्नायू आतून मोडतात, त्यातलं विष रक्तात उतरतं. शेपटीला दोर बांधून ओढलं तर सांधे निखळतात. वनविभाग आणि पशुवैद्य येईपर्यंत ओलं कापड, सावली आणि गर्दी लांब ठेवणं एवढंच करता येतं, आणि श्वासछिद्रात पाणी जाऊ द्यायचं नाही. दूधपित्या पिल्लाची गोष्ट तर आणखी वेगळी. त्याला कितीही खोल पाण्यात नेऊन सोडा, तिथे आई नसेल तर ते जगणार कशावर?

राहिलं शेवटचं: «जगात देवमासे भरपूर वाढलेत.» हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच घातक. शिकारबंदीनंतर हंपबॅक जगभर सावरले, धोक्यातल्या जीवांच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत ती जात आता धोक्याबाहेर आहे. पण त्याच यादीत अरबी समुद्रातल्या हंपबॅकची २००८ पासून वेगळी नोंद आहे: संकटग्रस्त. शेपटीखालचं काळंपांढरं नक्षीकाम प्रत्येकाचं निराळं असतं. त्याचे फोटो जुळवून ओमानमध्ये जी गणती झाली तिच्यात अंदाज निघाला ८२ चा, फार तर शंभराच्या थोडा पुढे. अंटार्क्टिकाकडचे हजारोंनी वाढले म्हणून इथले ८२ वाढत नाहीत, कारण तिकडचे इकडे येऊन संसार करत नाहीत. निळा देवमासा तर अजून जगभरातच संकटग्रस्त आहे.

ओमानमध्ये या हंपबॅकचे जे फोटो निघाले त्यांतल्या ३० ते ४० टक्क्यांच्या शेपटीच्या बुंध्याशी जाळ्याचे व्रण होते. यांतले कुणी अंटार्क्टिकाहून जाळं घेऊन आलं नव्हतं. पाहुणा वाट चुकून आला आणि मेला म्हटलं की आपण सुटलो. इथला रहिवासी मेला म्हटलं की गिलनेट (पाण्यात भिंतीसारखं सोडलेलं जाळं), जहाजांचा वेग, बंदरांच्या वाटा यांच्याबद्दल बोलावं लागतं. श्रीलंकेच्या दक्षिणेला ते बोलणं झालं आहे. तिथे मालवाहू जहाजांची वाट निळ्या देवमाशांच्या चरण्याच्या जागेवरूनच जाते. एमएससी या बड्या जहाज कंपनीने २०२२ मध्ये आपली जहाजं आणखी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. महाराष्ट्रात निदान जाळ्यांपुरती एक सोय आहे: डिसेंबर २०१८ पासून, संरक्षित सागरी प्राणी सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळं कापलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. देवमासा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे तो या योजनेतही येतो.

तेव्हा पुढचं धूड किनाऱ्याला लागेल तेव्हा आधी वनविभागाला कळवा, हेल्पलाइन १९२६. मग फोटो काढा: डोकं वरून, शेपटीची खालची बाजू, शेपटीचा बुंधा आणि अंगावर कुठे दोराचे वळ असतील तर ते जवळून, शेजारी मापाला चप्पल ठेवून. जात, लांबी आणि मरणाचं कारण यातलं बरंच त्या चार फोटोंत असतं. चप्पल सेल्फीपेक्षा जास्त कामाची.